पेटी, खडू आणि मोहिनी

९ फेब्रुवारी १९९८, सोमवार

नाही, आधी माझं ऐकून घे! कागद आहेस तू, न्यायाधीश नाहीस. ‘एम.ए. होऊन बालवाडीत पेटी वाजवतोस?’ — काल मित्र दिवाकर म्हणाला, आज तुझा कोरेपणाही तेच म्हणतोय. हो, वाजवतो! अंबडच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांची तीस पोरं. मी पेटी वाजवतो, ती फरशीवर खडूनं तो सूर काढतात. सूर चढला की रेघ चढते. थांबला की खडू वर. नियम एवढाच. कादंबरी तीन वर्षं अडून बसलीये. इथे निदान काहीतरी हलतंय.

मुख्याध्यापिका अनसूयाबाई वैतागल्यात. ‘सर, आंबा काढायला शिकवा. आंबा पालकांना कळतो.’

११ फेब्रुवारी

मोहिनी! पाच वर्षांची, घरचे पेठ तालुक्याकडचे, वर्गात एक शब्द बोलत नाही. आज गंमत म्हणून नुसता भाता हलवत राहिलो, पट्टी एकही दाबली नाही. सगळ्यांचे खडू वर. हिचा चालूच! पसरत जाणारी, मिटत जाणारी रेघ. हिला शांतता ऐकू येते!! आणि आमच्या साहित्यिक मंडळात कुणाला टाचणी पडलेली कळत नाही.

१२ फेब्रुवारी

मोहिनीच्या रेघांवर लेख झाला. एका बैठकीत सतरा पानं. मासिकाला पाठवणार.

१३ फेब्रुवारी

बाईंनी फॉर्म पुढे केला. ‘मोहिनीला पहिलीत घालता येणार नाही. मतिमंद लिहिलंय, खाली सही करा.’ मी हसलोच. म्हटलं, बाई, ही तुमच्या-माझ्या पुढे आहे!

‘मग बस म्हटलं की बसत का नाही?’

तिला आज्ञा आवडत नाहीत, म्हणालो. काय झोकात म्हणालो!

१६ फेब्रुवारी

बाईंना दाखवून द्यायचं होतं. पेटी कपाटामागे नेली, तिथून वाजवली. जोरात. मग डोकावलो. एकोणतीस जणांच्या रेघा. मोहिनीसमोरची फरशी स्वच्छ. खडू हातात, नजर दाराबाहेर.

तिच्या मागे जाऊन ताटावर चमचा हाणला. सगळी पोरं दचकली. ती नाही.

भाता बघून काढत होती. बस्स, एवढंच. आणि मी सतरा पानं लिहिली.

१७ फेब्रुवारी

लेख फाडला. संध्याकाळी तिच्या आईला, सविताबाईंना, गाठलं. विचारलं, घरी हाक मारली की येते का?

‘हाक कशाला, सर? जमिनीवर पाय आपटायचा. मंग बघती.’

कधीपासून?

‘बारकी होती तवापासनं. लय हट्टी हाय.’ मग माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. ‘सर... हट्टीच हाय ना?’

१८ फेब्रुवारी

बाई म्हणाल्या, ‘पालकांना घाबरवू नका. तुमचं काम पेटीचं.’ म्हटलं, फॉर्मवर सही करत नाही. कान तपासायला घेऊन जातोय, आत्ता. सविताबाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून फाटकात उभ्या आहेत, मोहिनी कडेवर. ऑफिसातून हाक येतेय — ‘सर, आधी इकडे या!’

गेलो मी, फाटकाकडे.