बांधावरचं भोकर

आई, बांधावरचं भोकर यंदाही फुललंय, एवढंच लिहावं म्हणून बसले आणि हात भलतीकडेच वळला. फाल्गुनात जुनी पानं गळतात आणि फांद्यांच्या टोकांना बारीक पांढऱ्या फुलांचे घोस लागतात. वास फार नाही, पण मधमाश्यांची गुणगुण विहिरीपर्यंत ऐकू येते. वैशाखात हिरवी भोकरं लोणच्याला, आणि जेठात उरलेली पिकून पिवळी-गुलाबी होतात, आतली बी दिसावी इतकी नितळ. सगळा माळ करपलेला असताना तेवढं एक झाड नटलेलं असतं. तुझे धनी, आमचे दादा, पलटणीत गेले तेव्हा झाड फुलात होतं. झाडाखाली बसून भाकरी खाल्ली आणि तुला म्हणाले, "भोकरं पिकायच्या आत पत्र धाडतो." पत्रं आलीही. मग ब्रह्मदेशाकडे गेले आणि बंद झाली. पुढल्या साली भोकरं पिकली तरी काही कळलं नव्हतं.

लढाईची वर्षं ती. पेट्रोल मिळेना म्हणून नगरच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, आणि कोळसा पाडणारा ठेकेदार गावोगाव उभी झाडं घेत फिरायचा. काकांनी, दादांच्या धाकट्या भावानं, बांधावरची सगळी झाडं द्यायचा त्याला शब्द दिला. तुला विचारलं नाही. बाभळी पडल्या तेव्हा तू चुलीपुढेच होतीस. कुऱ्हाडीचा आवाज बांधाच्या टोकाकडे सरकला, तशी हाताचं पीठही न धुता निघालीस. मी मागे पळत.

जेठातलं ऊन आहे. झाड पिकल्या घोसांनी वाकलंय. तू कासोटा आवळतेस आणि दिराच्या देखत सरळ चढतेस, वरच्या बेचक्यात बसतेस.

"वहिनी, खाली उतरा. लोकं हसत्यात."

"हसू द्या."

"मी शब्द दिलाय."

"शब्द तुमचा, भावजी. झाड तुमच्या भावानं लावल्यालं हाय. ते आल्यावर तोडा."

"आन् न्हाई आला तर?"

हे तोवर घरात कुणीच तोंडानं म्हटलं नव्हतं. तोडणाऱ्या गड्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. "वर माणूस असताना मी घाव घालनार न्हाई," म्हणाला. कुऱ्हाड काकांनी उचलली. पहिल्या घावानं झाड हादरलं, पिकली भोकरं माझ्या डोक्या-खांद्यावर पडून फुटली. दुसऱ्या घावाला तू फांदी घट्ट धरलीस आणि खाली वाकून काकांकडे बघितलंस.

"मारा," एवढंच म्हणालीस.

कुऱ्हाड टाकून काका ढेकळांतून चालते झाले. त्यानंतरही तू बराच वेळ वरच. उतरता येईना. शेवटी त्या गड्यानंच खाली खांदा दिला.

लढाई संपली आणि दादा आले, एका कानानं बहिरे होऊन. फुलं आली तेव्हा झाडापाशी गेले, बुंध्यावरच्या खुणेवरून हात फिरवत म्हणाले, "हे कुनी केलं गं?"

"सरपनाला आलं असंल कुनी," तू त्यांच्या चांगल्या कानाशी म्हणालीस, आणि माझ्याकडे असं पाहिलंस की मी ओठ मिटले. त्या वर्षी लोणच्याची पहिली बरणी काकांच्या घरी गेली. तू स्वतः नेलीस. दोघे भाऊ शेवटपर्यंत एका ताटात जेवले.

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून लिहिते. गावात तुझी गोष्ट अजून सांगतात. नातसुना मलाच सांगायला लावतात, आणि ऐकताना त्यांना मी तुझ्यासारखीच, कंबर बांधून बुंध्याला बिलगलेली दिसते. मी त्यांना तसंच दिसू देते. पण दुसरा घाव बसला, तेव्हा मला झाड नको होतं, आई. त्या घटकेला दादाही आठवत नव्हते. मला फक्त तू खाली यायला हवी होतीस.