वरचं लेबल

कोल्हापूर,
रविवार दुपार

प्रिय सुष्मिता,

अक्षर ओळखलंस ना? तुझा अप्पाच लिहितोय. घाबरू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. हादरलोय तो मी. सकाळपासून दोनदा चहा केला आणि दोनदा गार करून ओतून दिला.

झालं असं. गेल्या सोमवारी तुझी आई, आपली अव्वा, मोरीत घसरली आणि मनगट मोडून बसली. प्लास्टर घालून मुरगूडला बहिणीकडं गेलीय. जाताना बजावलं, लिंबं तेवढी सावलीत पसरा, माझ्या बरण्यांना हात लावायचा न्हाय! तुला माझा स्वभाव ठाऊक आहे, न्हाय म्हटलं की हात तिथंच जातो. म्हटलं, बाईचा हात गळ्यात बांधलाय, ती कशी घासणार? लोणच्याच्या बरण्या लखलखीत करून ठेवू, आली की तोंडात बोटं घालील. शेवटी ती माझ्याच तोंडात गेली.

आठ-दहा काचेच्या बरण्या, जामच्या, मधाच्या, कॉफीच्या. कंपनीची लेबलं गरम पाण्यात सोडा टाकून भिजवली की अलगद सुटली. पण कॉफीच्या एका मोठ्या बरणीवर आपल्याच कापडदुकानातल्या स्टिकरांचा हा एवढा जाड थर. रोल एवढ्यात कसा संपतो म्हणून मी दुकानात आरडाओरडा करायचो, तो रोल इथं! वर अव्वाच्या अक्षरात ‘मदिनाभाभी’. त्यात नवल काही नव्हतं. इचलकरंजीला दिलदारच्या मागावरनं मी कापड आणतो, तेव्हा त्याच्या बायकोला अव्वा वर्षातनं एकदा लोणचं देते. नेऊन पोचवतो मी आणि रिकामी बरणी परत आणतो तीही मीच. चिकटा निघेना म्हणून खोबरेल तेल चोळलं, थोडा वेळ थांबलो आणि नखानं वरचा कागद उचलला. खाली दुसरा. ‘सुष्मिता, तमन्ना. तिखट कमी.’

चष्मा पुसला, परत वाचलं. त्याच्याखाली पुन्हा मदिनाभाभी, त्याच्याखाली पुन्हा तू. सात वर्षं गं! वरच्या चार वर्षांत ती तमन्ना, त्याआधी नुसती सुष्मिता. तू अबुजरशी लग्न केलंस आणि या घरात तिचं नाव काढायचं नाही असं मी ओरडलो, अगदी त्याच वर्षापासून. आम्हाला लेक मेली असं म्हणालो तेव्हा पहिली मान तुझ्या आईनं हलवली होती. तू पुण्याला गेलीस हेही तिनंच सांगितलं. काय बाई आहे का कोण! आणि हमाल कोण, तर मी. माझीच पिशवी, माझेच हात.

एवढं झाकायचं होतं तर खाली लिहिलं कशाला, असं आधी वाटलं. मग आठवलं, ज्याची बरणी त्याचं नाव लिहिल्याशिवाय अव्वा झाकण लावत नाही, ही तिची जुनी खोड. तोंडानं नाव घ्यायला बंदी घातली मी. मग तिनं ते लिहिलं, आणि वर कागद डकवला.

तमन्ना कोण ते मात्र कळेना. म्हणजे कळत होतं, पण मन धजेना. मदिनाभाभीला फोन लावला. तमन्नाचं नाव घेतलं आणि ती अशी सुटली! भाऊ, किती वर्सं खोटं बोलू मी? तुमची लेक दोन गल्ल्या सोडून राहते की. अबुजर माग दुरुस्त करतो. पाच वर्सांची पोर हाय त्यास्नी. तुम्ही येता त्या दिवशी माझ्या दारात बसलेली असते न्हवं, तीच तमन्ना.

ती पोर डोळ्यांसमोर आली. दोन वेण्या, हनुवटीवर तीळ. गेल्या दिवाळीआधी तिनं माझी पिशवी धरली आणि ओरडली, लोणच्याचा अज्जा आला! मला हसू आलं. कुणाची गं तू म्हणून विचारलं, तर भाभी म्हणाली शेजारची. मी तिला चिक्की दिली आणि आत जाऊन कापडाचे तागे बघत बसलो. नावसुद्धा विचारलं नाही. सुष्मा, माझी नात माझ्या हातातनं चिक्की घेऊन गेली, आणि तुझ्यासारखाच तीळ मला दिसला नाही!

राग आला का? आला की. तासभर येरझाऱ्या घातल्या, अव्वाला फोन करून झाडायचंही ठरवलं. नंबर लावायला बसलो आणि रडूच फुटलं. एवढा मोठा माणूस, हाताला खोबरेल, आणि मोरीत बसून रडतोय. अव्वाला अजून काही बोललो नाही. गुरुवारी येईल, लेबलं सुटलेली बरणी बघेल, तिचं तिला कळेल.

मी तेव्हा बोललो ते फार वाईट बोललो. माफी कशी मागतात तेही मला धड येत नाही. म्हणून आज मीच लिंबं चिरली. मीठ, साखर, मिरची चिमूटभर. मुरायला पंधरा दिवस तरी लागतील, तोवर तू ठरव. ये म्हणालीस तर बरणी घेऊन तुझ्या दारात येतो. नको म्हणालीस तर नेहमीसारखी मदिनाभाभीकडं देऊन मुकाट परत फिरेन. बरणीवर नाव मात्र माझ्या अक्षरात आहे: ‘सुष्मिता, अबुजर, तमन्ना. तिखट कमी.’ वर दुसरा कागद लावलेला नाही.

तुझाच,
अप्पा