तिकीट देतो कोण?

उधना, सुरत
१२ मार्च १९९६

चि. सौ. सरला हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

माझे कापडाचे लूम जोरात चाललेत, खोकलाही गेला.

ग्रामपंचायतीच्या पॅनलमधून तुझं नाव पॅनलच्या तिघा पुढाऱ्यांनी चहा पिता पिता कापलं, हे कळलं. गप्प बसू नकोस. सूतवाल्या शेठचा भाचा अमेरिकेहून आलाय. मी विचारलं, "तिकडे पक्षाचं तिकीट कोण देतं?" तो हसला, "काका, त्यां तो लोकोज आपे!" म्हणजे लोकच देतात; पक्षाचे मतदारच आधी मत देऊन उमेदवार ठरवतात म्हणे.

तूही पॅनलला मानणाऱ्या सगळ्यांना, बायांनासुद्धा, पारावर बोलाव आणि उमेदवार ठरवायला आधी आपसात हात वर करायला लाव. तुझ्या उमेदवारीवरून आपल्या जावईबापूंना कुणी दम दिला का? खरं लिही. मी शनिवारी येतोच.

हरायचंच तर गावाच्या हातून हर, तिघांच्या चहात नको.

तुझा पाठीराखा,
सुकदेवदादा