या हं आमच्याकडे

६ एप्रिल
आले एकदाची सिंगापूरला! क्वीन्सटाउनमधला हा फ्लॅट जुना आहे, पण ऊन-वारा भरपूर. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबू अडकवून कपडे वाळत घालायचे. पहिल्याच दिवशी माझी ओढणी खालच्या मजल्यावरच्या लिम आंटींकडे पाहुणी गेली. त्यांनी ती घडी करून आणून दिली आणि चिमटे नीट लाव लाह, असा इथल्या ढंगात दमही दिला. ऑफिस तांजोंग पगार भागात, एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, सरळ. नव्याची नवलाई आहे, मजा वाटते. जाईची पहिलीची परीक्षा संपली की २ मेला ती आणि तिचा बाबा प्रबोध पुण्याहून येतील. तोवर एकटा जीव सदाशिव. जेवताना चुकून दोन ताटं घेतली. हसले, मग एक ताट परत ठेवताना रडूच आलं.

११ एप्रिल
आमची बँक मध्य आफ्रिकेतल्या एका पुलाच्या दुरुस्तीला कर्ज देणार आहे. पाहणीला मला आणि ऑफिसातल्या श्रीनिवासला जायचंय. फोनवर सासूबाईंनी बजावलं की नवी नदी ओलांडशील, तिची ओटी भरल्याशिवाय येऊ नकोस. टेक्का मार्केटातून हिरवा खण आणि तांदूळ आणले. विमानात नारळ कुठे नाचवू, म्हणून सुपारी.

१५ एप्रिल
पूल पाहिला. लोखंडी आहे, अरुंद, आणि धबधबे इतके जवळ की कठडासुद्धा ओला. बोललेलं ऐकू येत नाही. डोक्यावर कसाव्याच्या कंदांच्या टोपल्या घेतलेल्या बायका खाली न बघता झपझप जात होत्या. श्रीनिवास पलीकडे खांबांचे फोटो काढत होता. मी कठड्यावरून नदीची ओटी भरली. तांदूळ गेले, सुपारी गेली, पण खण खाली पडलाच नाही. तुषारांनी तो वर उचलला, क्षणभर माझ्या तोंडासमोर धरला आणि मग दिसेनासा झाला. ओटी भरल्यावर आपण सवाष्णीला म्हणतो तसं सवयीने तोंडातून गेलं, या हं आमच्याकडे, माझ्या जाईला भेटायला. नंतर माझं मलाच हसू आलं. घरी कुणी फिरकत नाही, आणि बाई नदीला बोलावतेय!

१९ एप्रिल
परत आले. कानात अजून धबधबाच आहे. विमानाने कानाला दडे बसले असतील.
संध्याकाळी लिम आंटी वर आल्या. तुझे कपडे फार ठिबकतात, माझ्या चादरी भिजल्या, म्हणाल्या. मी कपडे धुतलेच नव्हते. खिडकीत जाऊन पाहिलं. बांबूवर हिरवा खण होता, निथळत असलेला.

२१ एप्रिल
श्रीनिवासला विचारलं, खण टांगून तू थट्टा केलीस का. कसला खण, म्हणाला.
घरी सोफा ओला. देवापुढचं कुंकू भिजून ओघळलेलं. प्लंबर येऊन गेला, गळती कुठेच नाही म्हणाला.
खोटं कशाला बोलू, सुरुवातीला बरंच वाटलं. दार उघडलं की घरात कुणीतरी आहे, असं वाटायचं. चहा टाकताना मी दोन कप पाणी ठेवलं.

२४ एप्रिल
आता बरं वाटत नाही. धबधबा कानात नाही, जाईसाठी लावलेल्या खोलीत आहे. तिच्या पलंगाची चादर मधोमध खचलेली, ओली. कुणीतरी तिथे बसून राहतं. वाट बघत.
मी मोठ्याने म्हटलं, झाला पाहुणचार, आता या.
आवाज वाढला.

२६ एप्रिल
त्या नदीला मी नकोच आहे. मी बोलावलं ते जाईला भेटायला. २ मेला जाई याच खोलीत—
नाही.

२७ एप्रिल
प्रबोधला फोनवर सांगितलं, येऊ नका. कारण सांगता येईना. तो खूप चिडला, तुला आम्ही नकोसे झालो का म्हणाला. मी हो म्हटलं. काय करणार? मागे जाई हमसून हमसून रडत होती. तिकिटं रद्द केली.
माझं लेकरू सुरक्षित आहे. मी राहीन इथे, हिच्याबरोबर.

२८ एप्रिल
सकाळी जाग आली ती शांततेने. आवाज नाही. पलंग कोरडा, सोफा कोरडा. गेली! कंटाळून गेली. प्रबोधची पाय धरून माफी—
पण गेली कुठे?

२९ एप्रिल
फोन केला. जाईनेच उचलला, व्हिडिओ लावला. बाबा ऑफिसला, आजी झोपलीय. म्हणाली, आई, तुझी मैत्रीण आलीय, पूर्ण ओली, मला भेटायला एवढ्या लांबून आली म्हणते. मी पाट दिला, पाणी दिलं. तूच सांगितलंयस ना पाहुण्यांशी नीट वागायचं.
तिच्यामागे तो आवाज. मी ओरडले, आजीला उठव, बाहेर पळ. पाण्यापुढे तिला काही ऐकू जाईना. तिचे ओठ तेवढे दिसत होते, मग तेही—
प्रबोध उचलत नाही. सासूबाई उचलत नाहीत. हात थांबले तर मी वेडी होईन, म्हणून लिहि—
लागला. दिसतेय. जाई म्हणाली, मावशी मला विचारतेय, आता तू येतेस का आमच्याकडे?
नाही म्हण, राणी. नाही म्हण गं. पाहुण्यांनासुद्धा नाही म्हणता येतं, हे मी तुला कधी—
ती हसली. हो म्हणून मान हल