शिवीभर श्वास

ता. ९, गुरुवार
इस्पितळ, खाट अकरा

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला चार दिवस उशीर झाला, हे आधीच कबूल करतो. पोस्ट लांब आहे, पेन संपलं, अशी कारणं तयार होती. खरं कारण असं की लिहायला बसलो की माझी चूक लिहावी लागणार, म्हणून मी उठायचो आणि खाली जायचो. खाली एक माणूस लिफ्टचा दोर बदलतोय. मनगटाएवढा दोर आहे, ताई, आणि आत किती पदर! असो.

अण्णांचं ऑपरेशन नीट झालं. पोटातली गाठ साधी निघाली. छातीच्या हाडापासून बेंबीखालपर्यंत टाके आहेत. शुद्धीवर आल्यावर अण्णांनी ते निरखले आणि डॉक्टरांना सांगितलं की काम बरं आहे, पण जोड दिसतो. सोनार तो सोनारच.

आता चूक. आदल्या दिवशी इथल्या फिजिओबाई श्वासाचे व्यायाम शिकवायला आल्या होत्या. पोट कापलं की दुखेल या भीतीने माणूस वरवर श्वास घेतो, खोकायचं टाळतो, आणि कफ छातीच्या तळाशी साचतो. त्यासाठी त्यांनी तीन गोळ्यांचं एक यंत्र दिलं. नळीतून हवा आत ओढायची, की गोळ्या वर चढतात. अण्णांनी घाबरून नुसती मान डोलावली. मी शेजारी उभं राहून शिकून घ्यायचं होतं. मी लिफ्ट बघत होतो.

पुढचे तीन दिवस बाई रजेवर. बदलीवरचा माणूस यायचा, व्यायाम चालू आहे ना विचारायचा, आम्ही हो म्हणायचो. आणि चालू होताच! जन्मभर बंकनळीने दिव्याची ज्योत फुंकून डाग देऊन दागिन्यांचे सांधे जोडणाऱ्याच्या हातात नळी दिल्यावर तो काय करणार? अण्णा फुंकत होते. गोळ्या ढिम्म. अण्णांनी निकाल दिला की यंत्र गळतंय. मी दुकानातून मेण आणलं, त्यांनी ते तळहातावर मळून सगळे सांधे बुजवले. दोघेही खूश होतो, ताई.

पाचव्या दिवशी ताप चढला. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटलाय. औषध चालू आहे. पुढच्या गुरुवारी छातीचा फोटो काढतील. तोवर उघडला नाही तर अतिदक्षता विभागात हलवतील. आणि खरी पंचाईत पुढेच आहे. आता सगळं समजावून झालं, तरी नळी ओठाला लागली की अण्णांचे गाल फुगतात. आत ओढतच नाहीत. नळीशिवाय घ्या म्हटलं तर चमचाभर घेतात. बाई म्हणतात हट्ट आहे, अण्णा म्हणतात जमत नाही.

लोभ राहू दे. राग आहे तो पत्रातच काढ, भेटीपर्यंत साठवू नकोस.

तुझा,
भिंगरी


ता. ११, शनिवार

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पाय प्लास्टरमध्ये आहे म्हणून वाचलास. नाहीतर पहिली गाडी पकडून तुझ्या कानाखाली आवाज काढायला आले असते, आणि मग त्या लिफ्टवाल्याच्याही. स्टुलावरून पडायला मला हाच महिना सापडला. हे कामावर जातात, मी तिसऱ्या मजल्यावर खिडकीत बसून लोकांच्या पिशव्यांत काय आहे ते ओळखते. दोन वर्षं अण्णा आले नाहीत. म्हणायचे, तुझा जिना माझ्या छातीला झेपत नाही. आता तो माझ्या पायाला झेपत नाही. वडील खाली, मुलगी वर, आणि मध्ये तू. देवा!

पण ऐक. अण्णा हट्ट करत नाहीत, ते घाबरलेत. मी आठ वर्षांची असताना हौसेने बंकनळी तोंडात धरली होती. दिवा पेटलेला. श्वास कमी पडला म्हणून मी नळीतूनच आत ओढला, आणि अण्णांनी अशी थप्पड दिली की नळी भिंतीवर जाऊन आपटली. मग स्वतःच मला कुशीत घेऊन सांगत बसले की नळी तोंडात असताना श्वास आत घ्यायचा नाही, ज्योत घशात येते. त्यांच्या उस्तादांनीही त्यांना पहिल्या दिवशी असंच शिकवलं होतं. तू तेव्हा कुठे होतास विचारू नकोस, नेहमीप्रमाणे बाहेर होतास. पन्नास वर्षांपूर्वीची, उस्तादांची थप्पड आहे ती. चार दिवसांत उतरेल कशी?

हे बाईंना वाचून दाखव. आणि घड्याळ समोर ठेवून बस. जन्मात कुठे सहा आठवडे टिकला नाहीस, ते या खाटेपाशी टिकून दाखव. मला अण्णा हवेत.

माया आहेच, ती धाकात धरून घे.

तुझी,
ताई


ता. १६, गुरुवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मंगळवारी मिळालं. बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या की हट्टी म्हटलं ते मागे घेते, मला ती नळी बघायचीय. मी धावत जाऊन बंकनळी आणली. ती हातात येताच अण्णांचा चेहरा खुलला. बाई विचारत होत्या, फुंकायला हवा कुठून घेता. अण्णा सांगत होते, नाकाने थोडी थोडी घ्यायची, गालात साठवायची आणि गालानेच ढकलायची. म्हणजे पन्नास वर्षं त्यांचं काम गालांवर चाललंय, छातीला सुट्टी!

दोघांचं जमलं आणि मी कंटाळलो. उगाच नळी उचलली, तोंडात घातली आणि जोरात आत ओढली. दिवा नव्हता, ज्योत नव्हती. पण अण्णांना ते कुठलं भान! त्यांनी मला शिवी द्यायला एवढा मोठा श्वास घेतला, ताई, की सदऱ्याच्या गुंड्या ताणल्या. शिवीचं पहिलं अक्षर बाहेर आलं आणि त्याच्यामागून खोकला फुटला. बाईंनी झडप घालून उशी टाक्यांवर धरली, अण्णांचे हात वर ठेवून दाबायला लावले आणि सांगितलं की आता थांबायचं नाही. दोन लहान, एक मोठा. कपाळाच्या शिरा फुगल्या, डोळ्यांतून पाणी आलं, आणि सगळा साचलेला कफ सुटायला लागला. मी कोपऱ्यात रडत होतो, हे कुणाला सांगू नकोस.

बाई म्हणाल्या, मला हाच श्वास हवा होता. दर तासाला दहा वेळा शिवी देण्याइतका श्वास घ्या, तीन आकडे धरून ठेवा आणि शिवी न देता सोडा. अण्णा म्हणाले की पहिली दोन कामं जमतील.

तेव्हापासून मी घड्याळ घेऊन बसलोय. तास भरला की उठवून बसवतो. अण्णा म्हणतात याच्यापेक्षा यमदूत परवडला. मी म्हणतो शिवी देण्यापुरता तरी श्वास मोठा घ्या. काल मेण खरवडलेल्या यंत्रात पहिली गोळी चढली, आज दुसरी. सकाळी फोटो आला: मिटलेला भाग उघडतोय. खाट अकरा जिथे होती तिथेच आहे. लिफ्टचं काम संपलं असं ऐकतो. मी बघायला गेलो नाही.

लोभ वाढव, थप्पड माफ कर.

तुझा,
भिंगरी


ता. ६, गुरुवार
घर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. ताप गेला तो गेलाच. टाके पूर्ण भरले, डॉक्टरांनी चालायला, जिने चढायला सांगितलंय, फक्त वजन उचलायचं नाही. पण अण्णा रोज अकराला पिशवी घेऊन बाहेर पडतात आणि कुठे जातात ते सांगत नाहीत. काल मी मागोमाग गेलो. वाटेत एकजण खुर्ची विणत होता, पण थांबलो नाही, लिहून ठेव. अण्णा कापडबाजाराच्या इमारतीत शिरले. जिन्याला लागले. पहिल्या मजल्यावर थांबून पिशवीतली उशी काढली, पोटाशी धरून खोकले, पुन्हा चढले. दुसऱ्या मजल्याच्या अर्ध्यावर गुडघे धरून उभे राहिले आणि परत फिरले. मला बघून म्हणाले की दुकानात कामं तुंबलीत आणि भिंगऱ्या गल्लीत फिरतायत.

तुझ्या जिन्याला पायऱ्या किती आहेत, असं सकाळी उगाच विचारत होते. उगाचच, असं दोनदा म्हणाले. मला पाठ नाहीत, कळव. ते तीन मजले न परतता चढेपर्यंत मी कुठे जात नाही. दुकानात बसून डाग देतोय. ओढत नाही, फुंकतो.

लोभ तसाच असू दे, प्लास्टर मात्र लवकर सुटू दे.

तुझा,
भिंगरी


ता. १४, शुक्रवार

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पायऱ्या चोपन्न आहेत. अठरा, अठरा आणि अठरा. दुसऱ्या वळणावर कठडा हलतो, तेवढं अण्णांना सांगून ठेव, कधीतरी उपयोगी पडेल. माझं प्लास्टर पुढच्या सोमवारी सुटेल. त्यांना म्हणावं घाई नको, मीच येते.

तू टिकलास. सहा आठवडे होत आले, मी भिंतीवर रेघा मारतेय. पुढे जायचंच असेल तर जा बाबा, पण पत्र टाकत जा, आणि चूक झाली तर चार दिवस खाली जाऊन उभा राहू नकोस.

माया होती तितकीच आहे, आता धाक जरा कमी केलाय.

तुझी,
ताई

ता. क. पाकीट चिकटवणार तोच जिन्यात कुणीतरी खोकलं. पहिल्या मजल्यावर. दोन लहान, एक मोठा. मी म्हटलं भास. मग पावलं, सावकाश. दुसऱ्या वळणावर कठडा हलल्याचा आवाज, आणि पुन्हा दोन लहान, एक मोठा. मी अठरापर्यंत मोजलं, रे. मग दाराबाहेर सगळं शांत. कुणीतरी श्वास आत घेत होतं, घेतच होतं. एक, दोन, तीन. म्हटलं आता शिवी येणार. पण तो अख्खा शिवीभर श्वास त्यांनी मला हाक मारण्यात घालवला. शेजारची तिन्ही दारं उघडली. माझी कुबडी सापडत नाहीये, मी लंगडत निघालेय. अण्णा आलेत.