जाळीच्या आत बोलायचं नाही

३ मार्च

पोचलो एकदाचा. दाजींनी वशिल्याने लावलेली नोकरी म्हणजे फायली उचलणं असणार, या तयारीने आलो होतो. इथे तर नजर जाईल तिथवर पाणी, डोक्यावरून जाणारं पाणगवत आणि मला एकट्याला अख्खी खोली. खिडकी थेट दलदलीवर. बाबा म्हणाले होते, आठ दिवसांत पळून येशील. येत नाही म्हणावं.

तिचं नाव या वहीत लिहिणार नाही. आईच्या हाती पडली तर पंचाईत. ती शेवटचं काय म्हणाली ते मात्र लिहून ठेवतो. कॉलेज अर्ध्यात टाकलंस, दोन नोकऱ्या भांडून सोडल्यास. आता या मार्चभर एका जागी टिकून दाखव, मग मी स्वतः येऊन बोलेन. स्वतः येऊन. आणखी काय पाहिजे?

५ मार्च

काम भारी आहे. इथल्या मॅडमनी समजावलं: राखी म्हणतात त्या पाणपक्ष्याच्या जातीतले जगात दोनच उरलेत. मादी आमच्याकडे, जाळीखालच्या दलदलीत. नर दुसऱ्या केंद्रात. तो याच महिन्यात येणार. मादी इथेच अंड्यातून निघाली, आपल्या जातीचं कोणी तिने पाहिलेलंच नाही. तिने माणसाला आपलं समजू नये म्हणून आत जाताना पायघोळ राखाडी झगा, तोंडावर बुरखा आणि उजव्या हातावर मोज्यासारखं चढवायचं लांब चोचीचं डोकं. त्या चोचीने गोगलगायी भरवायच्या. आरशात पाहिलं स्वतःला. ‘तिने’ पाहिलं असतं तर जन्मभर तोंड फिरवलं असतं.

नियम दोन. फळ्यांवरूनच चालायचं, बाजूचा चिखल माणूस गिळतो. आणि जाळीच्या आत एक शब्दही बोलायचा नाही. आत कर्ण्यावर जुन्या राखींची हाक वाजत असते, तीच तिने शिकायची. पूर्वी पिल्लं मोठ्यांचं ऐकून शिकायची. आता मोठं कोणी नाही, म्हणून कानावर पडेल ते उचलते. भलतीच हाक शिकली तर नर तिला ओळखणार नाही, आणि मग संपलं.

फाटकावरचा माणूस मुका आहे. मॅडम त्याला बडबड्या म्हणतात. मला ते काही बरं वाटलं नाही. झगा घालताना त्याने बोट ओठांवर ठेवलं. स्वतःच्या नाही, माझ्या.

९ मार्च

मॅडम जेवता जेवता जे शिकवतात ते कॉलेजात कोणी शिकवलं असतं तर मी टिकलो असतो. राखी कमी झाल्या तशा गोगलगायी माजल्या. त्यांनी कोवळं गवत फस्त केलं, त्यात अंडी घालणारे मासे गेले, मासे गेले तसे डास वाढले. मी म्हटलं, पण पक्षी तर अजून आहे ना? त्या म्हणाल्या, “दिसतंय म्हणून जिवंत समजू नकोस. काही जाती श्वास घेत असतात, पण त्यांचं आटोपलेलं असतं.” आणि भात वाढायला लागल्या.

आज आत असताना गवतातून पुरुषी आवाज आला, “चहा झाला का?” मी बुरख्यात हसलो. पाहिलं तर कोणी नाही. पलीकडच्या काठावरून आला असेल.

१४ मार्च

बोललो.

तिला केलेल्या कुठल्याच मेसेजला उत्तर नाही. डोकं फिरलं होतं. भरवता भरवता तिचं नाव निघालं, मग थांबताच येईना. “एकदाच ये, एवढंच मागतोय” म्हणालो. मग भडकून, नकोच येऊस, गेलीस उडत, असंही. मग रडलो. माफी मागितली, आई-बाबांचं सगळं सांगितलं. पाखरू मान तिरकी करून ऐकत होतं. इतकं मन लावून माझं कोणी ऐकलेलं नाही.

मॅडमना कळलेलं नाही.

१८ मार्च

रोजच बोलतो आता. जे जे मनात आहे ते. तिथून निघालो की हलकं वाटतं, रिकामं झाल्यासारखं.

२० मार्च

आईचा फोन. “हॅलो” म्हणालो, आणि पुढे “आई” निघेना. घसा दुखत नाही, बाकीचं नीट बोललो. जेवलो, झोपतो वेळेवर, सगळं. तोच एक शब्द जिभेवर नाही. ती म्हणाली, राग गेला नाही का अजून, साधी हाक मारत नाहीस. मग रडली.

दुपारी भरवायला गेलो. गवतातून कोणी तरी म्हणालं, “आई.” माझ्या आवाजात. मागोमाग, “चहा झाला का?” कुंपणापाशी बडबड्याच्या हातून बादली सुटली. त्याचं तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

मॅडमना विचारलं, हा जन्मापासून मुका का? म्हणाल्या, छे, तुझ्या आधी आतलं काम हाच करायचा. सारखा चहा-चहा आणि बडबड, म्हणून तर ते नाव पडलं. मग हळूहळू गप्पच झाला. होतात काही माणसं तशी.

इथून निघायला हवं. पण आत्ता निघालो तर ती म्हणेल, मला माहीतच होतं. मार्च संपेपर्यंत. तेवढंच.

२४ मार्च

आत तोंड घट्ट मिटून जातो. उशीर झालाय. तिचं नाव जात होतं तेव्हाच कळायला हवं होतं. आता मनातही येत नाही. चेहरा येतो, आणि नावाच्या जागी नुसता श्वास.

२७ मार्च

नर आला. जाळीत सोडला. पंख पसरून त्याने हाक दिली — कर्ण्यावरचीच, पण जिवंत. मॅडमनी माझा हात गच्च धरला होता. मादीने मान उंचावली आणि माझ्या आवाजात म्हणाली, “एकदाच ये, एवढंच मागतोय.”

तो उलटा उडाला. जाळीवर आपटत राहिला, मान मोडेपर्यंत.

मॅडम रागावल्या नाहीत. फळीवर बसून राहिल्या. मग आता कशाला म्हणून सगळी जाळी स्वतःच्या हाताने उतरवली, नराला ओढणीत गुंडाळलं आणि केंद्र सोडून निघून गेल्या. त्यांची — मागायची होती मला. तो शब्दही आत देऊन बसलोय.

३० मार्च

जिने मला वाढवलं तिचा फोन येत राहतो. उचलत नाही.

आता लिहितानाही हात अडतो. बोललेले शब्द कागदावरही —

संध्याकाळी तिचा मेसेज. टिकलास की रे. उद्या येते.

उलट कळवायचं होतं. फक्त दोन शब्द. टाइप करतो आणि बोट थांबतं. — येऊस. — —. तेच तर भडकून म्हणालो होतो आत. बडबड्याला फोन दाखवला. त्याने वाचलं आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला.

३१ मार्च

सकाळपासून फाटकावर होतो. पाखरू भुकेने काठाला आलं, चोचीशिवाय खात नाही, म्हणून झगा चढवला. तेवढ्यात ती आली. नवी ओढणी. बडबड्या आडवा झाला, तर त्याला हसून बाजूने आत.

धावलो. तिला काय दिसलं? राखाडी बुरखा, हातात चोच, तोंडातून आवाज नाही. किंचाळली. पळाली.

आणि गवतातून माझा आवाज, नराला ऐकवलेली तीच विनवणी.

तिचा चेहरा उजळला. “मी आले रे, कुठे आहेस?” म्हणाली आणि फळीवरून उतरली.

फळ्या टाकल्या. दोघांनी. पुरल्या नाहीत. बुरखा फाडला, तिने पाहिलं मला, शेवटी पाहिलं — आणि चिखल —

गवत हलायचं थांबलं.

नंतर

बडबड्या माणसं आणायला पळाला. काय सांगणार तो?

पुन्हा. गवतातून. तिचा आवाज. तस्साच, श्वास लागलेला.

मी आले रे, कुठे आहेस?

आवाज थांबतो. पुन्हा. मी आले रे, कुठे आहेस?

आजवर तिने कधी विचारलं नव्हतं. आता विचारतेय, आणि तिला सांगायला माझ्याकडे एकही —