आम्ही स्वयंपाकघरात असताना मंजूर झालेला ठराव

मी, अर्जिया झोफ्फोली, विधवा, वय एक्याऐंशी, राहणार पिएवे गाव, फोर्लीजवळ, श्रमिक समाजवादी पक्षाची सभासद, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे.

१. राहतं घर आणि कोंबड्या पुतणी नेरीना हिला.

२. पक्षाचं सभागृह. भिंती पक्षाच्या, पण खालची जमीन वडिलांकडून मला आलेली. हे आमचे चिटणीस वेत्सियो साफ विसरले. पक्षाच्या यंदाच्या उत्सवात त्यांनी बाहेर मंडपात ठराव मांडला, की आपला पक्ष मोठ्या पक्षात विलीन करावा आणि सभागृह विकावं. हात वर झाले. ठराव एकमताने मंजूर. एकमताने म्हणे! मी आणि दहा जणी, सगळ्या सभासद, तेव्हा आत स्वयंपाकघरात याच लोकांसाठी कापेल्लेत्ती, म्हणजे रश्शातल्या सारण भरलेल्या पिठाच्या टोप्या, उकळत होतो.

झारा हातात घेऊनच बाहेर आले. विचारलं, "आणि आमची मतं?"

वेत्सियो म्हणाले, "अगं अर्जिया, आत रस्सा उतू जाईल बघ. राजकारणाचं आम्ही बघतो."

सगळे खो खो हसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली, ती अजून होते आहे. याच जागेवर फॅसिस्टांच्या काळ्या सदऱ्यातल्या गुंडांनी बाबांना एरंडेल पाजलं, झोडपलं, तरी त्यांनी पक्ष सोडला नाही. यांनी तो टाळ्या वाजवत सोडला. लाज नाही वाटत?

सबब ही जमीन मी स्वयंपाकघरातल्या त्या दहा जणींपैकी नऊ जणींना सामाईक मालकीने देत आहे. सगळ्यांची सही असल्याशिवाय ती विकता येणार नाही. दहावीला का नाही, ते शेवटी लिहिते.

३. वेत्सियो यांना माझा झारा. पुढच्या उत्सवात वापरावा.

४. माझ्या शवपेटीवर आपला जुना लाल झेंडा घालावा. वेत्सियो यांनी भाषण करू नये. बायका बोलतील, हवा तितका वेळ. पुरुषांनी तोवर कॉफी करावी आणि कपही विसळावेत.

पिएवे, १२ नोव्हेंबर १९९१
सही: अर्जिया झोफ्फोली

साक्षीदार:
प्रिमो गार्देल्ली, न्हावी.
इओले, वेत्सियो यांची पत्नी. दहावी तीच. साक्षीदाराला वाटा घेता येत नाही, हे तिला दोनदा समजावलं. म्हणाली, "वाटा नको गं मला. माझं मत कुठेतरी लिहिलेलं राहू दे."